उसनी सुई

१८८० साली बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या नेत्रवैद्याने पाच तरुणांच्या आजाराची हकीकत छापली. वये १४ ते २९. एरवी धडधाकट दिसणाऱ्या या मुलांच्या डोळ्यांत मागच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत होता, नाकाचा घोळणा फुटत होता आणि सगळ्यांनाच जुनाट बद्धकोष्ठ होता. हेल्महोल्ट्झने डोळ्याचा मागचा पडदा जिवंत माणसात पाहता येईल असे उपकरण १८५१ मध्ये जगापुढे मांडले, त्याला तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. पडदा दिसायला लागल्यावर तिथे काय काय बिघडते याच्या याद्या करण्याचा तो काळ. ईल्सने जे पाहिले ते चोख पाहिले, अर्थ मात्र काळाच्या चालीप्रमाणे लावला. आतड्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून पोट साफ होत नाही, आणि तिकडून हटलेले रक्त वर धाव घेऊन नाक आणि डोळा फोडते, असा त्याचा तर्क होता. या रक्तस्रावाच्या मुळाशी रक्तवाहिन्यांची सूज आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही. ते १८८७ साली वॉड्सवर्थने नोंदवले. तरी नाव ईल्सचेच चिकटले, आणि आज ईल्स रोगाच्या रुग्णाला डॉक्टर पोटाबद्दल चकार शब्द विचारत नाहीत.

हा रोग होतो कसा, ते आधी पाहू. पडद्याच्या कडेकडच्या शिरांना सूज येते, शिरांभोवती पांढुरके अस्तर दिसू लागते, मग त्या बुजतात. रक्त न मिळालेला पडद्याचा भाग उपाशी राहतो आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतो. या नव्या वाहिन्या मुळातच कच्च्या. कधी शिंकेने, कधी काहीच न होता फुटतात आणि रक्त डोळ्यातल्या काचेसारख्या गरात, म्हणजे व्हिट्रियसमध्ये, उतरते. विशी-तिशीतल्या पुरुषाला सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढे काळे धागे तरंगताना दिसतात, दुपारपर्यंत धूर होतो. पुढेमागे बहुतेकांचा दुसरा डोळाही सापडतो. युरोप-अमेरिकेत हा आजार आता क्वचित पाहायला मिळतो. भारतीय उपखंडात मात्र पडद्याच्या डॉक्टरांना तो नवा नाही. इथल्या नेत्ररुग्णांत दोनशे-अडीचशेंमागे एक, असे त्याचे प्रमाण भारतीय अभ्यासांतून सांगितले गेले आहे. या रोगाचा गेल्या सुमारे १४० वर्षांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: त्याला स्वतःचे औषध कधीच मिळाले नाही. जे जे कामी आले ते दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या, पैसेवाल्या रोगासाठी घडवलेले होते आणि इथे उसने आणले गेले. डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन हे त्या उसनवारीतले सर्वांत अलीकडचे. ही उसनवारी कमीपणाची आहे, नाइलाजाचा तात्पुरता उपाय आहे, असे मानण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. दुर्मीळ रोगावरचा उपचार पुढे सरकण्याचा हमरस्ता तोच आहे. आपली चूक उसने घेण्यात झाली नाही, उसन्याचा हिशेब न ठेवण्यात झाली.

कारण शोधणाऱ्यांची कहाणी आधी सांगायला हवी, कारण सगळी प्रतिष्ठा त्यांच्याकडे होती. ईल्सने आणखी केसेस १८८२ साली प्रसिद्ध केल्या, आणि त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढची काही दशके वैद्यकाला जिकडे तिकडे क्षय दिसू लागला. त्यात आश्चर्य नव्हते, क्षय खरोखरच जिकडे तिकडे होता. १९११ साली अ‍ॅक्सेनफेल्ड आणि स्टॉक या जर्मन डॉक्टरांनी पडद्याच्या शिरांच्या या सुजेचा संबंध क्षयाशी जोडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरी एक लाट आली: शरीरात कुठे तरी पू दडलेला असतो आणि त्याचे विष दूरच्या अवयवाला बाधते. मग किडके दात आणि सुजलेले टॉन्सिल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. उपचारांची यादी तर याहून विस्मयकारक आहे. थायरॉइडचा अर्क देऊन पाहिला, पुरुषी हार्मोन दिले. पुढे सर ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या नेत्रशास्त्राच्या महर्षींनीही हा एकच रोग नसून अनेक रोगांचा एकसारखा दिसणारा परिणाम असावा, असा पवित्रा घेतला.

इतके वेगवेगळे उपाय इतक्या शहाण्या माणसांना गुणकारी का वाटले? याचे उत्तर रोगाच्या स्वभावातच आहे. व्हिट्रियसमध्ये उतरलेले रक्त पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप निवळते. रुग्णाला परत दिसू लागते, आणि त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळते: दात काढला असेल तर दाताला, थायरॉइडचा अर्क असेल तर अर्काला, नवस बोलला असेल तर देवाला. आपोआप बरे होण्याची खोड असलेल्या रोगात अनुभवी डॉक्टरचा अनुभव हाच सर्वांत मोठा फसवणारा असतो. ही गोष्ट पुढे इंजेक्शनाची बाजू मांडतानाही विसरता येणार नाही. फरक पडला तो १९६१ मध्ये. इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्विस यांनी फ्लुरोसिन हे चमकते रंगद्रव्य शिरेतून देऊन पडद्याच्या रक्तप्रवाहाचे फोटो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कुठला भाग उपाशी आहे, कुठली वाहिनी गळते आहे, हे फोटोत पांढऱ्यावर काळे दिसू लागले. नजर सुधारली की नाही एवढ्यावरच आता भिस्त राहिली नाही. नव्या वाहिन्या मिटल्या की नाही, हे तपासता येऊ लागले.

खरे डोळे वाचवले ते कारणाच्या भानगडीत न पडलेल्या लोकांनी. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरच्या पाहण्यात आला. भाजल्याचा डाग पाहून त्याला सुचले की अशीच मोजून-मापून भाजणी करता आली तर फाटलेला पडदा जागच्या जागी चिकटवता येईल. हॅम्बुर्गच्या इस्पितळाच्या छतावर आरशांनी सूर्यप्रकाश गोळा करून त्याने १९४९ पासून रुग्णांवर प्रयोग केले. ढग आले की काम बंद. पुढे झेनॉनचा दिवा आला, साठीच्या दशकात लेझर आला. हे सगळे फाटलेल्या पडद्यासाठी आणि नंतर मधुमेहासाठी वाढले, पण ईल्सच्या उपाशी भागावरही ते लागू पडले: तो भाग लेझरने निकामी केला की त्याची भूक संपते आणि नव्या वाहिन्यांची मागणी थांबते. आजही ईल्सच्या उपचाराचा कणा हाच आहे, आणि ‘लेझर मारून घ्या’ हे वाक्य पडद्याच्या कुठल्याही ओपीडीत दिवसातून अनेकदा ऐकू येते. तशीच गोष्ट शस्त्रक्रियेची. मायामीच्या बास्कम पामर संस्थेतल्या रॉबर्ट माखेमरने १९७० च्या सुमारास डोळ्याच्या बाजूने बारीक छिद्रातून आत शिरून रक्ताळलेला गर कापून ओढून घेणारे यंत्र बनवले. त्याचा सराव त्याने कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकावर केला होता. वर्षानुवर्षे न निवळलेले रक्त आता काढून टाकता येऊ लागले. तिथेही सूज का आली हा प्रश्न कोणी विचारला नाही.

या रांगेत सुई उशिरा आली, तरी डोळ्यात सुई घालणे ही मात्र आपल्याकडची फार जुनी विद्या. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची कृती दिली आहे. त्यात सुई घालायची जागा बुबुळापासून दूर, बाहेरच्या कोपऱ्याकडच्या पांढऱ्या भागात, शिरांचे जाळे चुकवून सांगितली आहे. आजचा पडद्याचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेही पांढऱ्या भागातून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर. कारण त्या अरुंद पट्ट्याखाली पुढे भिंग नाही आणि मागे पडदा सुरू झालेला नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. म्हणजे सुई, तिची जागा आणि रुग्णाची नोंद ठेवण्याची शिस्त, हे तिन्ही घटक आपल्याकडे होते. नव्हते ते सुईच्या टोकातून आत सोडायचे द्रव्य.

ते द्रव्य एकेक करून आले, आणि प्रत्येक वेळी निकड वेगळीच होती. १९११ साली ओहमने सुटलेला पडदा परत टेकवण्यासाठी व्हिट्रियसमध्ये हवा सोडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन हाती आले तेव्हा फोन सालमान यांनी सशांच्या जंतुबाधित डोळ्यांत ते थेट सोडून पाहिले. डोळ्याला मेंदूसारखीच रक्ताची चाळणी आहे, तोंडाने किंवा शिरेतून दिलेले औषध आत पुरेसे पोचत नाही, हे त्यातून लक्षात येत गेले. सत्तरीच्या दशकात घोलम पेमन आणि इतरांनी कुठले प्रतिजैविक किती मात्रेत पडद्याला इजा न करता देता येते याची बारकाईने मोजदाद केली; आज मात्रेबद्दल जी निश्चिंती आहे तिचे बरेच श्रेय त्या कंटाळवाण्या कामाला आहे. तरीही इंजेक्शन हा बुडत्याचा आधार होता. ही भीती मोडली एड्सच्या साथीने. सायटोमेगॅलो विषाणू एड्सच्या रुग्णांचा पडदा कुरतडत असे आणि शिरेतून दिलेले गॅनसायक्लोव्हिर रक्तपेशी कमी करत असे. १९८७ पासून ते थेट डोळ्यात देण्याचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले. आठवड्याला एक, कधी दोन, असे महिनोन्‌महिने. एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा सुई घातली तरी डोळा टिकतो, हे एका पिढीतल्या डॉक्टरांनी मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणांच्या डोळ्यांवर शिकून घेतले. १९९६ नंतर एचआयव्हीची प्रभावी औषधे आली आणि हा पडद्याचा रोग पाश्चात्त्य देशांत जवळजवळ दिसेनासा झाला. शिकलेला हात मात्र राहिला. या हिशेबात ईल्सचा रुग्ण एड्सच्या रुग्णाचा ऋणी आहे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता सूज. १९४८-४९ मध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. वर्षभरात ते डोळ्याच्या सुजेवरही आले. ईल्सच्या सुजेवर तोंडाने स्टेरॉइड देणे त्यानंतर रूढ झाले, पण तरुण माणसाला महिनोन्‌महिने स्टेरॉइड देण्याची किंमत मोठी: साखर, हाडे, जठर, आणि जुना क्षय उफाळण्याची धास्ती. औषध फक्त डोळ्यात ठेवता आले तर? माखेमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास प्राण्यांच्या डोळ्यांत ट्रायअ‍ॅमसिनोलोन सोडून ते पडद्याला सोसते का हे तपासले. हे औषध सांध्यात टोचण्यासाठी बाजारात होते आणि त्याच्या कुपीवर डोळ्याचा उल्लेख नव्हता. दोन दशकांनी, मधुमेहामुळे सुजलेल्या पडद्यावर ते जगभर वापरले जाऊ लागले, आणि २००७ साली पाकिस्तानातल्या डॉक्टरांनी ईल्सच्या रुग्णांत ते वापरून सूज उतरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. उसन्याबरोबर दोषही आले. डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो; २५ वर्षांच्या मुलाला मोतीबिंदू ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरे द्रव्य याहून लांबच्या वाटेने आले. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडले की उपाशी पडदाच कसला तरी रासायनिक निरोप पाठवून वाहिन्या मागवत असणार. या निरोप्याला पुढे ‘फॅक्टर एक्स’ म्हटले गेले आणि तो चार दशके कोणाला सापडला नाही. मधल्या काळात जूडा फोकमन यांनी १९७१ साली सांगितले की कर्करोगाची गाठही अशाच नव्या वाहिन्यांवर पोसली जाते. तिचा तो पुरवठा तोडा. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे काढले, आणि १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात तेच भरपूर सापडले. फॅक्टर एक्सला नाव मिळाले. पण त्याला रोखणारे औषध, बेव्हासिझुमॅब, बाजारात आले ते फेब्रुवारी २००४ मध्ये आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. त्याचे बाजारातले नाव अ‍ॅव्हास्टिन. २००५ साली मायामीच्या त्याच बास्कम पामर संस्थेत फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाच्या या कुपीतून एक थेंब, वयामुळे झिजलेल्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटलेल्या वृद्धाच्या डोळ्यात दिला, आणि काही महिन्यांत जगभरचे डॉक्टर तेच करू लागले. ईल्सच्या पडद्यावरही नव्या वाहिन्याच फुटत होत्या. २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधून त्या झपाट्याने विरल्याचा वृत्तांत आला. हेन्री ईल्सने ज्या आतड्यात रोगाचे कारण शोधले होते, त्याच आतड्याच्या दुखण्याचे औषध सव्वाशे वर्षांनी त्याच्या रोगावर आले. योगायोगच, पण ईल्सला तो नक्की आवडला असता.

प्रत्यक्ष इंजेक्शन हा प्रकार ऐकायला वाटतो तितका भीषण नाही. डोळ्यात बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन-आयोडिन, म्हणजे आपले बीटाडीन. चुरचुरते तेच, आणि जंतुसंसर्ग टाळण्यात सर्वांत मोठा वाटा त्याचाच. पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात, बुबुळाच्या कडेपासून मापून खूण करतात, रुग्णाला दुसरीकडे पाहायला सांगतात आणि केसासारख्या ३० गेजच्या सुईने ०.०५ मिलीलीटर औषध आत सोडतात. साधारण एका थेंबाएवढे. सुई आत-बाहेर व्हायला काही सेकंद लागतात; तयारीलाच वेळ. नंतर दिवसभर एखादा बुडबुडा नजरेसमोर डुचमळतो. आत जंतू शिरण्याचा धोका हजारात एकाहून कमी, पण शिरले तर डोळा जाऊ शकतो. महिन्या-दीड महिन्याने औषधाचा जोर ओसरतो आणि उपाशी भाग तसाच असेल तर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रक्त आपोआप निवळते म्हणून थायरॉइडच्या अर्काला श्रेय मिळाले असे म्हणता, मग अ‍ॅव्हास्टिनला का नाही? आठ-दहा रुग्णांच्या वृत्तांतांवर विसंबून दुसऱ्या रोगाचे औषध देणे हा जुनाच खेळ नव्या कुपीत नव्हे का? अंशतः आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत दाट रक्त साचलेल्या ईल्सच्या डोळ्यांची तुलना इंजेक्शनासह आणि इंजेक्शनाविना केली गेली, तेव्हा रक्त लवकर निवळल्याचे दिसले नाही. उलट पडदा ओढला जाऊन सुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा मिळाला. ते समजण्यासारखे आहे. नव्या वाहिन्यांबरोबर तंतूंचे जाळेही वाढलेले असते. वाहिन्या एकदम सुकल्या की ते जाळे आकसते आणि पडद्याला खेचते. पण या चाचणीचा अर्थ उसने घेऊ नका असा होत नाही. नव्या वाहिन्या मिटतात हे फोटोत दिसलेले आहे, ते खोटे ठरलेले नाही. खोटी ठरली ती समजूत, की एका थेंबाने लेझरचे आणि शस्त्रक्रियेचे काम भागेल. तंतू वाढायच्या आत, लेझरच्या जोडीला किंवा शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस रक्तस्राव आवरण्यासाठी, अशी त्याची जागा ठरत गेली. ती जागा उसनवारी करूनच आणि मग प्रामाणिकपणे मोजूनच कळली. हातावर हात ठेवून ईल्सच्या स्वतंत्र औषधाची वाट पाहिली असती तर हेही कळले नसते. खंत आहे ती वेगळीच: हा रोग जिथे सर्वाधिक आहे त्या देशात अशा चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि पैशाचा. अ‍ॅव्हास्टिनच्या चार मिलीलीटरच्या कुपीत डोळ्याच्या डझनावारी मात्रा असतात. कर्करोगाची कुपी फोडून, वाटून, लहान सिरिंजांत भरून ती वापरली जाते. वाटताना चूक झाली तर एकाच दिवशी अनेक डोळे जातात. २०१६ च्या जानेवारीत गुजरातमध्ये इंजेक्शनानंतर रुग्णांच्या डोळ्यांना सूज आल्यावर देशाच्या औषध महानियंत्रकांनी डोळ्यासाठी हे औषध वापरण्याविरुद्ध इशारा काढला. पुढे निर्माती कंपनी म्हणाली की ते औषध बनावट होते. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आग्रह धरला आणि इशारा काही महिन्यांतच मागे घेतला गेला. त्या कंपनीचाच डोळ्यासाठी मुद्दाम बनवलेला भाऊबंद, रॅनिबिझुमॅब, २००६ पासून बाजारात होता. अमेरिकेत त्याच्या एका मात्रेला सुमारे दोन हजार डॉलर पडत, वाटलेल्या अ‍ॅव्हास्टिनला पन्नासच्या आसपास. २०११ साली अमेरिकी सरकारच्या पैशाने झालेल्या मोठ्या चाचणीत वृद्धांच्या डोळ्यांत दोन्ही औषधे सारखीच उतरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये डोळ्यासाठी बेव्हासिझुमॅबचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. अ‍ॅव्हास्टिनच्या निर्मात्या कंपनीने मात्र डोळ्यासाठी त्याची मान्यता मागितली नाही. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१४ साली स्वस्त औषधाला आडकाठी केल्याबद्दल रोश आणि नोव्हार्टिस या औषध कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. तेव्हा उसने औषध धोक्याचे, असे म्हणताना तो धोका कोणी शिल्लक ठेवला हेही विचारले पाहिजे. धोका वाटपाच्या ढिलाईत आणि बनावट मालात आहे, आणि या दोन्हींवर उपाय आहेत. भारताने त्यातला एक केलाही: २०१५ साली अहमदाबादच्या इन्टास कंपनीने रॅनिबिझुमॅबची पहिली देशी प्रतिकृती बाजारात आणली, त्या कुपीत डोळ्याचीच मात्रा आणि किंमत मूळ औषधाहून कमी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. परिणामावर सुया मारत बसण्यापेक्षा कारण शोधा. क्षयच असेल तर एकेटीचा, म्हणजे क्षयावरच्या औषधांचा, कोर्स देऊन मोकळे व्हा. २००० साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांनी ईल्सच्या २३ रुग्णांच्या पडद्यावरून काढलेली पापुद्र्यासारखी पटले तपासली. ११ मध्ये क्षयाच्या जंतूचे डीएनए सापडले. इतर आजारांच्या २७ पटलांपैकी तीनांत ते सापडले. अ‍ॅक्सेनफेल्ड आणि स्टॉक यांचा संशय नव्वद वर्षांनी असा अंशतः खरा ठरला. पण अंशतःच. निम्म्याहून अधिक रुग्णांत काही नाही, आणि जिथे आहे तिथेही जिवंत जंतूची लागण की मेलेल्या जंतूवर शरीराने काढलेला राग, हे ठरत नाही. क्षयाचा स्पर्श जिथे कोट्यवधींना झालेला आहे अशा देशात क्षयाची मॅन्टू तपासणी होकारार्थी आली म्हणून कारण सापडले असे होत नाही. चंदीगडच्या पीजीआयसह अनेक देशांतल्या केंद्रांनी डोळ्याच्या क्षयावर एकत्र काम केले आणि एकेटी कधी सुरू करावी याची मार्गदर्शक तत्त्वे २०२० च्या सुमारास काढली, तीही तज्ज्ञांच्या मतांची जुळणी करून. निर्णायक पुराव्याने नव्हे. आणि कारण क्षय ठरले, एकेटी दिली, सूज शमली, तरी बुजलेल्या शिरा उघडत नाहीत. उपाशी भाग उपाशीच राहतो, तो वाहिन्या मागवतच राहतो. कारणावरचा उपचार आणि परिणामावरचा उपचार इथे एकमेकांना पर्याय नाहीत. काळाच्या ओघात पहिला उपयोगी पडतो आधी, दुसरा नंतर, आणि बहुतेक रुग्ण रक्त उतरल्यावर, म्हणजे नंतरच, दवाखान्यात पोचतात.

क्षयाच्या या अनिश्चिततेची एक व्यावहारिक बाजू आहे. २०१० मध्ये अमेरिकेत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सोडणारी बारीक कांडी डोळ्याच्या मागच्या भागातल्या सुजेसाठी मंजूर झाली. ती सुईने आत सोडतात आणि ती काही महिने विरघळत राहते. सुजेच्या दुर्मीळ रोगांसाठी मुद्दाम मंजूर झालेले असे हे थोडक्या औषधांपैकी एक. पण मंजुरीत अट आहे: सूज संसर्गजन्य नसावी. ईल्सच्या रुग्णाला या अटीच्या कुठल्या बाजूला बसवायचे? पटलात डीएनए सापडला तर तो एका बाजूला, न सापडला तर दुसऱ्या, आणि बहुतेकांचे पटल तर कोणी काढतच नाही. मूळ रोगाचे औषध म्हणून जे पुढे आले, तेही ईल्ससाठी शेवटी अर्धे उसनेच ठरले.

आणि इथे दुर्मीळ या शब्दाचा हिशेब लागतो. औषध कंपन्या चाचण्या करतात त्या वयामुळे झिजलेल्या पडद्यावर आणि मधुमेहावर, कारण ते रोगी म्हातारे, पुष्कळ आणि विम्याचे असतात. ईल्सचा रोगी तरुण असतो, बहुतेकदा नुकताच कमावता झालेला, भारतात किंवा शेजारी देशांत राहणारा, आणि बिल स्वतःच्या खिशातून भरणारा. त्याच्यासाठी स्वतंत्र औषध काढायला कोणाला परवडत नाही, हे वास्तव आहे आणि ते लवकर बदलेल असे दिसत नाही. २०२२ पासून आलेली नवी, अधिक काळ टिकणारी औषधेही आधी त्या दोन मोठ्या रोगांसाठी मंजूर झाली. ती इथे येतील ती आधीच्यांच्या वाटेनेच. त्यांना अडवण्यात अर्थ नाही. अडचण अशी की प्रत्येक दवाखाना आपापल्या दहा-पंधरा रुग्णांवर स्वतंत्रपणे शिकतो आणि ते शिकणे फायलीत राहते. कुठल्या अवस्थेत इंजेक्शन दिले, आधी लेझर झाला होता का, एकेटी चालू होती का, पडदा ओढला गेला का, वर्षभराने नजर किती, एवढ्या पाच-सहा रकान्यांची देशभर एकच नोंदवही असती तर २०११ च्या छोट्या चाचणीने उभा केलेला प्रश्न आजवर सुटला असता. त्यासाठी नवा रेणू लागत नाही, परदेशी कंपनीची मेहेरबानी लागत नाही. एड्सच्या काळात अमेरिकेतल्या केंद्रांनी सायटोमेगॅलोच्या रुग्णांचे एकत्र अभ्यास केले होते, क्षयासाठी चंदीगड आणि इतर केंद्रांनी ते केले. ईल्ससाठी चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, मदुराई, मुंबई इथली पडद्याची मोठी केंद्रे ते करू शकतात. रुग्ण त्यांच्याकडेच येतात, फोटो त्यांच्याच संगणकांत आहेत.